दोन गड्यांचा भोपळा

कामथडी, ८ जून

शेफे,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी फाडलंस, म्हणजे अर्धं काम झालं.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्याचा मला राग नाही. तात्यांनी तुला आण घातली तेव्हा मी आमच्या मोरीपाशी उभी होते आणि शब्दन् शब्द ऐकत होते. "माज्या गळ्याची आन हाय शेफे, त्या घरातल्या कुनाशी तोंडानं बोलायचं न्हाई आन् फोन उचलायचा न्हाई." तोंड आणि फोन. पत्राचं नाव तुझ्या वडिलांनी घेतलेलं नाही. आण घालणाऱ्यानंच "सुटली" म्हटल्याशिवाय आण सुटत नाही, हे आपण लहानपणी लंगडीतसुद्धा पाळायचो, त्यामुळे ती मोड असं मी तुला कधीच म्हणणार नाही. पण पत्र लिहिणार मी, तू नुसती वाचणार. ह्यात मोडतं काय?

विषय भोपळ्याचा आहे.

मागच्या दिवाळीत तू सांगितलंस की गुंजवण्यात तुझ्या सासूबाईंच्या परड्यातलं डांगर दोन गड्यांशिवाय हलत नाही. मी म्हटलं, लग्न झालं की सासरचं सगळंच मोठं दिसायला लागतं. तू चिडून बियांची पुडी माझ्या पदरात टाकलीस आणि म्हणालीस, "लाव आन् बघ." मग माघात आपल्या घरांचं ते सगळं झालं आणि पुडी कोनाड्यात राहून गेली.

मे महिन्याच्या शेवटी मी त्या बिया लावल्या. जागा ऐकून हसू नकोस. तुमच्या नव्या न्हाणीचा पाइप आमच्या परड्यात जिथं निघतो, तिथंच. ज्या पाइपावरून एवढं रामायण झालं, ज्याला आमच्या अण्णांनी चिंध्यांचा बोळा मारला आणि उत्तरादाखल त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानं, तात्यांनी, मधून काटेरी तार ओढली, त्याच्या तोंडाशी. तिथली माती सगळ्यात काळी आहे. एक बी उंदरानं नेलं, एक कुजलं, दोन उगवली. त्यातला जोरकस वेल ठेवला.

हे सगळं का करतेय ते आत्ताच सांगते, लपवत नाही. मला असा भोपळा हवाय जो कुणाही एका माणसाला एकट्यानं उचलणार नाही. आपल्या दोन घरांत मिळून पुरुष किती, ते तूच मोज.

आता प्रश्न. सासूबाई खत कुठलं घालतात? शेंडा खुडतात का? विचारून ठेव. कळवू नकोस हवं तर, नुसतं विचारून ठेव.

सुली


कामथडी, ५ जुलै

शेफे,

तुझं काही आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, हे खोटं आहे.

वेल आता माझ्या दोन्ही हातांत मावत नाही. मी सकाळच्या एसटीनं भोरच्या रोपवाटिकेत कामाला जाते आणि संध्याकाळी येते, तेवढ्या वेळात त्यानं कुठं हात टाकलाय ते शोधावं लागतं. रोपवाटिकेत शेकडो रोपं हाताखालून जातात, पण एकाच रोपाला रोज भेटणं वेगळं. त्याच्या तंतूला मी काडी लावून बसले होते काल. अर्ध्या तासात त्यानं काडीला मिठी मारली. डोळे नाहीत, नाक नाही, मग काडी आहे हे त्याला कळतं कसं? पुस्तकात ह्याचं उत्तर मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. काल पहिल्यांदा तो प्रश्न मला पडला.

आईचं म्हणणं, "पंधरा वर्सं शाळा शिकून लावलं काय, तर डांगर." मी तिला म्हणते, बघ, गावातल्या प्रत्येक न्हाणीमागं हे होऊ शकतं. सांडपाण्यावर घराची भाजी. मागच्या महिन्यात मी देवळात बायकांची सभा घेतली होती परसबागेवर. चार जणी आल्या. त्यातल्या दोघी पाऊस थांबायची वाट बघत होत्या.

एक गोष्ट घडली आहे. वेल तारेखालून तुमच्या बाजूला गेला. मी त्याला तीनदा वळवून आणला. चौथ्यांदा विचार केला, ह्याला कुणी आण घातलेली नाही, जाऊ दे.

सुली


कामथडी, ३१ जुलै

शेफे,

पंचमीला तू आलीस. हिरव्या साडीत होतीस, बारीक झाली आहेस. तू तारेच्या जवळ आलीस खरी, पण तात्या ओट्यावर बसले होते म्हणून बघितलंस ते वेलाकडे. मीही वेलाकडेच बघितलं. लांबून कुणाला वाटलं असतं, ह्या दोन बायांना वेलानं भूल घातलीय.

फुलं भरपूर आली होती पण सगळी नर. आठवडाभर येत होती आणि गळत होती, आणि मी काळजीत होते. तेव्हा तू काय केलंस! बोट मुडपून, नुसतं पेर पुढं करून, एका पानाच्या आडोशाला दाखवलंस. कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवलं की तो कुजतो म्हणतात, म्हणून मुडपलेलं बोट. मी त्यावर कॉलेजात निबंध लिहिला होता, अंधश्रद्धा म्हणून. फळ कुजतं ते परागकण न मिळाल्यानं, बोटामुळं नाही. पण शेफे, त्या दिवशी तुझं ते मुडपलेलं बोट बघून मला इतकं बरं वाटलं की निबंध गेला उडत.

त्या पानाआड पहिलं मादीफूल होतं. देठाखाली लिंबाएवढा भोपळा घेऊनच जन्मलेलं.

पण ते तारेच्या तुमच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी नरफूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि तारेतून हात घातला. पोचेना. काट्यानं दंड ओरबाडला. तेवढ्यात काकू दूध काढून येत होत्या. थांबल्या. माझ्या हातातलं फूल घेतलं, माझ्याकडे बघितलं, म्हणजे 'काय करायचं?' मी माझ्याच तळहातावर गोल फिरवून दाखवलं. काकूंनी तस्संच केलं, अगदी बाळाच्या तोंडाला मध लावावा तसं. मग फुलाची दांडी कासोट्याला खोवून गोठ्यात गेल्या.

तुझ्या आईलाही आण आहे का गं? की नुसती सवय झालीय न बोलण्याची?

सुली


कामथडी, २४ ऑगस्ट

शेफे,

पेंढा पोचला!

मला नाही, तुमच्या घरी पोचला, पण मी बघितला. भोरच्या एसटीतून कंडक्टरनं पोतं उतरवलं तेव्हा मी त्याच गाडीत होते. तात्या घ्यायला आले होते. "काय हाय ह्यात?" कंडक्टरनं विचारलं. तात्या म्हणाले, "पोरीनं सासरनं धाडलंय. लोकं पेढं धाडत्यात, हिनं पेंढा धाडलाय." आणि हसले. तात्यांना हसताना मी माघानंतर पहिल्यांदा बघितलं.

सकाळी बघते तर भोपळ्याखाली भाताच्या पेंढ्याची हातभर जाड गादी. ओल्या मातीला टेकून त्याचं बूड कुजेल ही काळजी मी गेल्या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिली होती. म्हणजे तू मागची बाजूसुद्धा वाचतेस.

भोपळा आता कळशीएवढा आहे. मी आईची शिवणाची टेप घेऊन मापते, पण तारेतून पलीकडचं टोक पकडता येत नाही. परवा मी टेप टाकून धडपडत होते तर पलीकडून कुणीतरी टोक धरून भोपळ्याच्या कुशीला नेमकं टेकवलं. हात तात्यांचा होता. मान मात्र गोठ्याकडे.

एक शोध सांगते. वेल तुमच्या बाजूला जिथं जिथं जमिनीला टेकलाय तिथं तिथं पेऱ्यातून मुळं सुटली आहेत. मी एक पेर हलकेच ओढून बघितलं, घट्ट रुतलंय. म्हणजे आता तो फक्त आमच्या परड्यातलं खात नाही, तुमच्याही परड्यातलं खातो. मग हा भोपळा कुणाचा? आई म्हणते, "ज्याचं बी त्याचा." काकू शेजारणीला सांगत होत्या, "ज्याच्या दारात बसलाय त्याचा." बी तर तुझ्या सासूबाईंचं!

सुली


कामथडी, २१ सप्टेंबर

शेफे,

आता त्याला बघायला माणसं येतात. सगळी बोट मुडपून दाखवतात, जणू गावानं ठराव केलाय. काकूंनी त्याच्यावर त्यांचं जुनं लुगडं टाकलंय आणि देठाजवळ काजळाची तीट लावलीय. गेनबा न्हावी म्हणाला, "बारशाला बोलवा मला. जावळाचं काय जमत न्हाई, पर बघू."

परसबागेच्या सभेला परत बोलावलं तर ह्या वेळी बायका देवळात मावल्या नाहीत. सगळ्यांना एकच प्रश्न, काय घातलंस? मी म्हटलं, न्हाणीची जागा, शेणखत आणि पहाटेची दोन मिनिटं. त्यांचा विश्वास बसला नाही. कुणीतरी म्हणालं, शिकलेली हाय, औषध मारलं असंल.

मी ठरवलंय, हा भोपळा मी कापणार. बाईनं अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घालायचा नाही, घरच्या थोरल्या पुरुषानं घालायचा, मग बाईनं चिरायचा. का? मला कुणी कारण देत नाही. आईला विचारलं तर तिनं कानांवर हात ठेवले. "आगं, डांगर थोरल्या ल्येकासारखं असतंय." मी म्हटलं, तर मग पुरुषाला तरी त्याच्यावर घाव कसा घालवतो? ती म्हणाली, "तुला शिकवून चूक झाली," आणि भाकरी थापायला लागली. पण हसत होती.

उचलण्याचं मात्र माझ्या मनासारखं होतंय. काल अण्णा, कुणी बघत नाही असं बघून, तारेतून दोन्ही हात घालून त्याला जरा रेटून बघत होते. हलला नाही. ते आत आले आणि आईला म्हणाले, "एकट्याचं काम न्हाई."

शेफे, मी मोरीत जाऊन आनंदानं रडले.

दिवाळीच्या आधी देठ वाळेल. मग मी दोघांनाही सांगणार, उचला.

सुली


कामथडी, ६ ऑक्टोबर

शेफे,

एक कोडं पडलंय, सासूबाईंना लगेच विचार.

पाऊस थांबला, ऊन कडक झालं. दुपारी पानं मान टाकतात. ते साहजिक आहे, संध्याकाळी परत उठतात. फळ पक्व व्हायला लागलं की पाणी तोडायचं असतं म्हणून मी आठ दिवसांपासून थेंबही घातलेला नाही. तरी रोज सकाळी मुळाशी माती ओली. आज तर बोट घातलं तर चिखल. दव इतकं पडत नाही. नळाचा पाइप गळतोय म्हणावं तर तो दुसऱ्या अंगाला आहे. आणि काल मातीवर बारीक बुडबुडे होते, फेसासारखे. कसला फेस? माती आंबतेय? बुरशी आहे का? रोपवाटिकेतल्या सरांना विचारलं, ते म्हणाले असं बघितलं नाही.

तारेपलीकडची पेऱ्यांजवळची मातीही ओली आहे, पण तिथं फेस नाही. हे आणखी विचित्र. दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं पाणी.

मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त वाटतेय. जमीन असं काही करत असेल तर ते मला कळायलाच हवं. मी मातीचा नमुना डबीत भरून ठेवलाय.

सुली


गुंजवणे, १० ऑक्टोबर

चि. सुलक्षणा हिस धोंडाबाईचा आशीर्वाद.

मला लिवता येत न्हाई. सून लिवतीया, पर बोलतीया मी, ही गोष्ट ध्येनात ठेव. ती तुज्याशी काय बोलत न्हाई.

माती आपसूक वली व्हत न्हाई, बाई. कुनीतरी घालतंय. डबीतली माती टाकून दे आन् घरातल्या गड्यांवर नजर ठेव. गड्यांस्नी डांगराचा लळा लागला की आसंच करत्यात. आमच्या ह्यांनी एका सालाला चोरून पानी घालून घालून माजं डांगर फोडलं व्हतं. फुगून फुटतं ते. पानी तोडा लगोलग.

फेस कसला त्ये मला म्हाईत न्हाई. सून म्हनती, साबनाचा आसंल. हे ती मला म्हनली, तुला न्हाई.

बोट कुनी दाकवू देऊ नगं.

धोंडाबाई


कामथडी, १४ ऑक्टोबर

शेफे,

भोपळा फुटला.

सासूबाईंचं पत्र आज दुपारी आलं. तो काल पहाटे फुटला. पत्र वाचून मी ओट्यावर बसून इतकी हसले की आईनं पाणी आणून दिलं.

काल पहाटे 'भक्क' असा आवाज झाला. मी कंदील नाही, मोबाईल नाही, तशीच परड्यात धावले. बऱ्यापैकी उजाडलं होतं. देठापासून बुडापर्यंत हाताचा पंजा जाईल एवढी फट, आणि आतून केशरी प्रकाश पडावा तसा गर. आणि भोपळ्याच्या अलीकडे अण्णा, हातात बादली. पलीकडे तात्या, हातात पाण्याचा पाइप, चालू.

न्हाणीच्या पाइपाचा बोळा बाजूला काढून ठेवलेला होता, नीट घडी करून. त्यातून तुमच्या न्हाणीचं पाणी, साबणाच्या फेसासकट, थेट मुळाशी चाललं होतं. संपलं माझं संशोधन.

"म्या आपलं एक बादली," अण्णा मला म्हणाले. "पानं मान टाकत्यात दुपारची, बघवत न्हाई."

"आणि बोळा?"

"त्यो... रातचा काढतो आन् सकाळी लावतो."

तात्या तारेकडे न बघता मला म्हणाले, "पेऱ्यास्नी मुळं हाईत हिकडं. त्यांनी काय उपाशी ऱ्हायाचं?"

"सुले, इचार तुज्या तात्याला, पाइप काय घटका घटका सोडून ठेवायचा असतो व्हय?"

"सुले, सांग तुज्या बापाला, डांगराला साबन कुनी पाजला."

मी कुणाला काही विचारलं नाही आणि कुणाला काही सांगितलं नाही. मला फक्त रडू येत होतं. चार महिने मी ठरवत होते, दोघं दोन बाजूंनी हात घालतील, एकमेकांच्या डोळ्यांत बघून 'हं' म्हणतील आणि उचलतील. आता उचलायला गेलं तर दोन तुकडे.

आणि तेव्हा अण्णा ओरडले. मला नाही. "दादा, आवं त्यो साबन तुमच्याच न्हाणीतला हाय!"

"माजा हाय तर बोळा कशाला मारला व्हता रं?"

"मारला व्हता! आता काढला न्हवं का!"

आपण काय बोललो ते दोघांनाही एकदमच ऐकू आलं असावं. पाइपातून पाणी तसंच वाहत होतं. तात्यांनी वाकून चावी बंद केली.

तोवर आई आणि काकू आपापल्या दारातून आल्या होत्या. आईनं कोयता आणला होता. अण्णांनी तो घेतला आणि तारेवरून मूठ पुढं करून तात्यांसमोर धरला. "थोरल्यानं घालावा घाव."

तात्या म्हणाले, "येल तुमचा हाय."

"डांगर तुमच्या दारात हाय."

"आसंल. पर राखलं तुमच्या पोरीनं."

"टेप तुमी धरली म्हनं."

शेफे, दोघंही मागं हटायला तयार नाहीत, दोघंही पुढं यायला तयार नाहीत. तेवढ्यात गरावर मुंग्या चढायला लागल्या. मी पुढं झाले, म्हटलं, द्या इकडं, मी कापते. माझं भाषण तयार होतं, तुला माहीतच आहे. पण आई म्हणाली, "थांब गं. आपसूकच उकललंय की ते. घाव घालायचा ऱ्हायलाय कुठं?"

काकू म्हणाल्या, "व्हय तर. ह्यांचा मानपान व्हईस्तवर मुंग्याच खातील." त्यांनी गोठ्याच्या छपराचं बेचक्याचं लाकूड काढून आणलं, तारेचा खालचा पदर उचलला आणि बेचक्यावर टेकवला. आई वाकून खालून गेली. नऊ महिन्यांनी. जाताना पदर तारेत अडकला तो काकूंनी सोडवला. मग दोघींनी फटीत दोन्हीकडून हात घातले आणि ओढलं. कोयता नाही, विळी नाही. अशी कर्रकन फाकली दोन्ही भकलं, की कोंबड्या पळाल्या.

मला घाव घालायला मिळालाच नाही. रूढी मोडायची राहिली. किंवा मोडली, पण माझं भाषण न ऐकताच.

त्यातलं एक भकल अण्णा एकट्यानं उचलायला गेले तर जमलं नाही. आई आणि काकूंनी पोत्यावर घालून दोघींनी मिळून उचललं, आधी एक, मग दुसरं. तेव्हा आपली पैज अशी सुटली: तुझ्या सासूबाईंच्या डांगराला दोन गडी लागतात हे खोटं. दोन जावा लागतात.

काकूंच्या मोठ्या पातेल्यात घारग्यांसाठी गर शिजला, दोन्ही घरांचा एकदम, कारण एवढं पातेलं आमच्याकडे नाही. आळीभर वाटलं. ज्या बायका औषध मारलं म्हणत होत्या, त्या बिया मागायला आल्या. सगळ्यांना दिल्या. सोबत मूठभर धुवून वाळवून ह्या पाकिटात घालते आहे, सासूबाईंचं त्यांना परत.

दुपारी मी भोपळ्याचे फोटो बघत बसले होते. तात्या तारेपाशी आले. म्हणाले, "शेफीला धाड की ते."

मी म्हटलं, "तात्या, माझ्याकडून तिला जात नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी पायानं पेंढा सारखा केला. "मंग पत्रात लिव."

"कुठल्या पत्रात?"

"सोनबा पोस्टमन पानी प्यायला माज्याच ओट्यावर बसतो, बाळ. तू एवढी शिकलेली, पर गावात पाकीट झाकत न्हाई हे तुला कुनी शिकवलं न्हाई."

मी विचारलं, "मग काय लिहू?"

तात्या वळून चालायला लागले होते. तार अजून तशीच आहे, बेचकंही तसंच आहे. दिवाळीला येशील तेव्हा जरा वाकून यावं लागेल, पदर सांभाळ. ओट्याशी पोचल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"सुटली म्हनावं."